मोबाइलातला माणूस आणि कॅसेटमधली बाई

माझ्या दुकानात येऊन कोणी ‘जरा बेस वाढवून द्या’ म्हणालं की आजही माझं डोकं फिरतं. बेस म्हणजे काय मीठ आहे, भाजीत कमी पडलं म्हणून वरून टाकायला? ज्या गाण्यात तो खालचा घुमार मुळातच नाही, त्यात मी आणू कुठून? पण गिऱ्हाईक हट्टाला पेटलेलं असतं. त्याला लग्नात भिंतीएवढे स्पीकरचे डबे लावायचे असतात, वऱ्हाडाच्या छातीत धडकी भरवायची असते, आणि गाणं कोणतं वाजतंय हे कोणालाच कळलं नाही तरी त्याचं काही बिघडत नसतं.

बीडच्या बसस्टँडमागच्या गल्लीत मी आयुष्यभर टेपरेकॉर्डर, अँप्लिफायर आणि लाउडस्पीकर दुरुस्त केले. आता मशीनच कोणी आणत नाही, पण दुकान रोज उघडतो. ‘धंद्यातल्या गमतीजमती लिहा’ असं संपादकांनी सांगितलंय. गमती पुष्कळ झाल्या. अडचण एवढीच की त्या आठवायला लागलो की हसू यायच्या आधी राग येतो.

एका पुढाऱ्याचा माणूस एकदा अँप्लिफायर घेऊन आला. म्हणाला, “सायबाचा आवाज बारीक हाय. मोठ्या नेत्यावानी घुमला पायजे.” मी सांगितलं, आवाज घुमवला की शब्द एकमेकांवर चढतात, लोकांना भाषण कळणार नाही. तो म्हणाला, “कळायची गरज कावून हाय? घुमू द्या तुमी.” घुमवून दिलं. सभेत एक शब्द कोणाला कळला नाही आणि टाळ्या मात्र जागोजागी पडल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांकडून पेढ्यांचा पुडा आला. तो खाताना मला स्वतःच्या कलेची लाज वाटत होती.

युसूफ वडगावचं एक भजनी मंडळ होतं. त्यांचा माइक शिट्टी मारायचा. माइक डब्याच्या तोंडासमोर धरला की डब्यातला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, तोच पुन्हा डब्यातून येतो आणि असा फिरत फिरत किंचाळायला लागतो. उपाय साधा आहे, माइक घेऊन डब्याच्या मागे उभं राहायचं. मी बुवांना उभं करून दाखवलं, जमिनीवर खडूने रेघ मारून दाखवलं. बुवांनी मान डोलावली. पुढच्या खेपेला माइक आला तेव्हा त्याच्या गळ्यात लिंबू-मिरची बांधलेली होती. आणि बुवा मलाच विचारत होते, “आता तरी गुण येईल का?”

पण असला राग संध्याकाळपर्यंत उतरतो. मला सांगायचाय तो राग वेगळा आहे, आणि त्याला कारण झाली माझीच माणसं.

मशीन दुरुस्त झालं की ते तपासायला एक कॅसेट लागते. ती अशी हवी की तिच्यातला प्रत्येक आवाज आपल्याला पाठ असावा. ढोलाचा खालचा ठोका, झांजेचा वरचा चुरचुराट, मधला गळा. एखादा आवाज हरवला की समजायचं, दुरुस्तीत कुठंतरी खोट आहे. मी पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यासाठी इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटी आणल्या होत्या, कारण त्यांचं रेकॉर्डिंग स्वच्छ असायचं. माझा त्या गाण्यांशी संबंध तेवढाच. पण दुकानातून रोज तो आवाज बाहेर पडायला लागला आणि गल्लीत दोन वेडी माणसं निघाली.

पहिले बाप्पा. तेलगावचे, साखर कारखान्यात फिटर. कारखान्याचा बिघडलेला भोंगा घेऊन दुकानात आले आणि रॉक ऐकून तिथंच स्टुलावर बसले. त्यांना त्या वाजवण्यात मिलच्या रोलरची घरघर ऐकू आली म्हणे. दुसरे सलीमभाई. माझ्या दुकानापासून चार दुकानं सोडून त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं वर्कशॉप. ते यायचे सोल ऐकायला. सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गाणी, चर्चमधल्या प्रार्थनेतून निघालेली, पोटातून ओढून काढल्यासारखी. सलीमभाई त्यांना ‘रूहवाली गानी’ म्हणत. त्यांच्या जोडीला आमचे काळे सर, हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. ते गाणी ऐकायला कमी आणि आमच्या चुका काढायला जास्त येत.

आठवड्याच्या सुट्टीला दुपारी ही मंडळी जमली की जी भांडणं व्हायची, ती ऐकून रस्त्यावरचा माणूस समजायचा की इथं शेतीच्या बांधावरून काहीतरी पेटलंय. बाप्पांचं म्हणणं, गाण्याचा मालक गिटारवाला. गायक ठेवलेला असतो तो गिटारवाल्याला घाम पुसायला सवड मिळावी म्हणून. सलीमभाई म्हणत, “उलटं हाय. गानाऱ्याला दम खायचा आसतो म्हनून तुमचा गिटारवाला तिथं हाय.” इंग्रजी गाणी पुष्कळदा शेवटी हळूहळू बारीक होत विरून जातात. बाप्पांना त्याची भयंकर चीड. “गानं सुरू करायला येतंय आन संपवायला येत न्हाई? डरपोक हायती साले.” सलीमभाई शांतपणे सांगत, “ते गातच ऱ्हातेत बे. आपन लांब चाललेलो आसतो.”

अर्थ सांगायला मात्र दुकानात बंदी होती. झालं असं, बाप्पांचं एक लाडकं गाणं होतं, त्यात गायक जीव खाऊन ओरडायचा. ते मजुरांनी मालकाविरुद्ध उठाव केल्याचं गाणं आहे, असं बाप्पांनी ठरवून टाकलं होतं आणि कारखान्यात तसं सांगितलंही होतं. काळे सरांनी एक दिवस कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, “त्याची मैत्रीण फोन उचलत नाहीये. बाकी काही नाही.” बाप्पा बरेच दिवस फिरकले नाहीत. तेव्हापासून मी सरांना सांगून टाकलं, इथं बसायचं असेल तर इंग्रजी समजायचं नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

सलीमभाईंचा मेहुणा आखातात ड्रायव्हर होता. तिकडून येताना त्यानं बहिणीसाठी टू-इन-वन आणला, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेलं मशीन, आणि एक कॅसेट आणली. वाळवंटातल्या कॅम्पात शेजारच्या खाटेवर राहणाऱ्या कुणाच्या तरी टेपवरून त्यानं ती उतरवून घेतली होती. कॅसेटीवर ना नाव ना गाव. तिच्यात एक संथ गाणं होतं. एक बाई गायची. आवाज उंच, थोडा खरखरीत, वरच्या सुरावर गेला की फाटेल असं वाटायचं आणि फाटायचा नाही. मागं ड्रम मात्र चपळ, हलक्या पावलांनी पळणारा.

शमीमभाभी म्हणजे सलीमभाईंच्या पत्नी. घरी मशीनवर कपडे शिवायच्या. त्यांना इंग्रजी यायचं नाही, पण हे गाणं लावलं की त्या तोंड मिटून गुणगुणायच्या, थेट त्या बाईच्या सुरात सूर मिसळून. मी त्यांच्या घरी टू-इन-वनचं रबर बदलायला गेलो होतो तेव्हा मी ऐकलंय. गाणारी कोण आणि गुणगुणणारी कोण, असा प्रश्न पडावा इतकं एकजीव.

भाभी गेल्या, त्याला आता बराच काळ लोटला. आवाज कुठं रेकॉर्ड करून ठेवावा असं त्या घरात कुणाला सुचलं नव्हतं. मोबाइलचा जमाना यायच्या आतच त्या गेल्या. मागं राहिलं ते हे गाणं. सलीमभाई ते ऐकत तेव्हा बाईच्या आवाजाच्या खाली त्यांना भाभींचं गुणगुणणं ऐकू यायचं. हे त्यांनी स्वतः आम्हाला सांगितलं होतं. “गानं लागलं की ती आत मशिनीवर बसलीया आसं वाटतंय,” असं. म्हणजे बाप्पांना हे ठाऊक होतं. माझा राग इथूनच सुरू होतो.

बाप्पांचं पहिल्या दिवसापासून म्हणणं, ही बाई नाही, पुरुष आहे. का? तर “बाईमान्साला इतका दम आसतोय व्हय?” मी म्हणायचो, बाप्पा, तुमच्या तेलगावात डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढणाऱ्या बायका तुम्ही रोज बघता, आणि दमाचं मला विचारता? त्यावर ते विषय बदलून ड्रमवाल्याचं कौतुक करत. त्या गाण्यातला ड्रमवाला त्यांना फार आवडायचा. “संथ गान्यात आसं पळनं लई अवघड हाय,” म्हणायचे. अशी वर्षं गेली. भांडण जुनं झालं, मऊ झालं, चहासोबतच्या खारीसारखं रोजचं होऊन बसलं.

मग बाप्पांच्या लेकीनं त्यांना नवा मोबाइल घेऊन दिला.

त्या दुपारी सलीमभाई कॅसेट घेऊन आले होते. टेपच्या पट्टीवरची भुकटी मशीनच्या हेडवर, म्हणजे पट्टीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, बसत जाते, ती स्पिरिटच्या बोळ्यानं पुसावी लागते, नाहीतर आवाज कांबळ पांघरल्यासारखा येतो. मी हेड पुसलं, कॅसेट लावली, बाई गायला लागली. सलीमभाई डोळे मिटून बसलेले. तेवढ्यात बाप्पा आणि काळे सर आत आले, आणि बाप्पांच्या चेहऱ्यावर निवडणूक जिंकल्यासारखा गुलाल.

“बंद कर ते दिगू,” बाप्पा मला म्हणाले. “सापडला. मानूसच हाय!”

सरांनी कॅसेटीतले शब्द ऐकून ते मोबाइलात लिहिले होते आणि गाणं निघालं होतं. बाप्पांनी मोबाइल सलीमभाईंच्या नाकासमोर धरला. फोटोत दाढीवाला, आडव्या बांध्याचा पुरुष. गाणं तेच, शब्द तेच, चाल तीच. पण आवाज जाड, खाली बसलेला, आणि सगळा कारभार रेंगाळत चाललेला.

सलीमभाई म्हणाले, “ह्यो दुसरा कुनी हाय. तिचं गानं ह्यानं उचललंय.”

“आरं एकच हाय बे! एकानंच गायलंय ते. सर, सांगा ह्याला.”

सरांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, “सलीमभाई, मूळ रेकॉर्ड हेच आहे. तुम्ही इतकी वर्षं चुकीचं गाणं ऐकत होता.”

चुकीचं गाणं! लिहितानाही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माणूस संसारभर जे ऐकत आला ते चुकीचं, आणि तुमच्या खिशात आलेला डबा काल-परवा जे बोलला ते बरोबर? शाळेत पोरांच्या वहीवर लाल रेघ मारता मारता सरांना सवय लागली होती, दुसरं काय.

मशीनवर बाई अजून गात होती. सलीमभाई म्हणाले, “मोबाइल बंद करा. मला हे ऐकू द्या.” आणि बाप्पांनी काय केलं? त्यांना आपला विजय नीट ऐकवायचा होता. त्यांनी चालू मशीनचं झाकण उघडलं आणि कॅसेट ओढली.

ज्यांनी टेप वापरलेला नाही त्यांना सांगतो. कॅसेट वाजत असते तेव्हा तिची पट्टी एका लोखंडी दांडीत आणि रबरी चाकात घट्ट धरलेली असते. मशीन आधी थांबवायचं, चाक सुटू द्यायचं, मग कॅसेट काढायची. हे फिटरला कळत नव्हतं? आयुष्यभर रोलर खोललेल्या माणसाला? पण डोक्यात जिंकणं शिरलं की हाताची अक्कल जाते. कॅसेट बाप्पांच्या हातात आली आणि पट्टी मशीनमध्येच राहिली, हातभर ताणलेली. घाबरून त्यांनी आणखी ओढली.

मी ओरडलो. माझ्या दुकानात मी इतका कधीच ओरडलो नव्हतो. मोबाइलातला माणूस मागं निवांत गातच होता.

तुटलेली पट्टी जोडता येते. चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला की एक टक्क असा आवाज येतो आणि गाणं पुढं जातं. पण ताणलेली पट्टी म्हणजे मेलेली पट्टी. ती दोऱ्यासारखी आकसते, तिच्यावरचा आवाज पुसला जातो. मी सगळं जोडून पाहिलं. गाण्याची सुरुवात आली, शेवट आला, पण पट्टी लांबल्यानं दोन्हीकडं सूर डगमगत होता, नेमका कुठला ते ठरेना. मधे, जिथं बाई वर चढायची आणि भाभी तिच्याबरोबर चढायच्या, तिथं नुसती खरखर.

सलीमभाईंनी ती कॅसेट खिशात घातली. बाप्पांकडं पाहिलं नाही, सरांकडं पाहिलं नाही. मला म्हणाले, “दिगुभाऊ, येतो मी.” आणि पुन्हा आले नाहीत.

चार दुकानं सोडून असलेला माणूस येत नाही म्हणजे काय, हे ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. मी त्यांच्या वर्कशॉपात जाऊन बसायचो. ते चहा मागवायचे, बोलायचे, गाण्याचं नाव काढायचे नाहीत. माझ्या दुकानात सर यायचे, पण दोघांत भांडण कसलं करणार? बाप्पा यायचे आणि गप्प बसायचे. मी त्यांना चहा विचारत नव्हतो. मुद्दाम विचारत नव्हतो.

या काळात माझ्या डोक्यात एकच भुंगा. एकाच गाण्यात बाई आणि पुरुष दोन्ही कसे? नंतर लक्षात आलं आणि मी स्वतःवरच वैतागलो, कारण ही माझ्या रोजच्या कामातली गोष्ट होती. वाळवंटातल्या कॅम्पात मशीन सेलवर चालत असणार आणि सेल उतरलेले असणार. सेल उतरले की मोटर हळू फिरते. हळू फिरणाऱ्या मशीनवर रेकॉर्ड केलेलं गाणं चांगल्या मशीनवर लावलं की ते पळतं, आणि टेपवर गाणं पळालं की आवाजही वर चढतो. जाड गळा बारीक होतो. पुरुषाची बाई होते. आणि सुस्त ड्रमवाला चपळ होतो.

म्हणजे बाप्पा ज्या ड्रमवाल्यावर जीव टाकत होते, तोही सेलच्या कमजोरीतूनच जन्मला होता. ‘बाईला दम नसतो’ म्हणून भांडणारा हा माणूस चुकीच्या कारणानं जिंकला होता आणि स्वतःचाच ड्रमवाला घालवून बसला होता. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की मी त्यांना कधी एकदा सांगतो असं झालं.

पण ते त्यांना आधीच कळलं होतं. एक दिवस दुकानात दुसरं कोणी नाही असं बघून बाप्पा आले आणि मोबाइल पुढं केला.

“दिगू, ह्या मोबाइलात गानं जोरात पळवता येतंय,” ते म्हणाले. “पळवून बघितलं. सलीमला द्यावं म्हनलो. पन बाई यायला तयार न्हाई.”

त्यांनी लावून दाखवलं. दाढीवाला दाढीवालाच राहिला, फक्त एसटी सुटायला आल्यासारखा घाईघाईत गात होता. बरोबर आहे. मोबाइल चलाख. तो गाणं पळवतो, पण आवाजाला धक्का लागू देत नाही. टेप साधा. त्याचा वेग वाढवला की आवाजही वर चढतोच, दोन्ही एकाच चाकाला बांधलेले. मी बाप्पांना हे समजावलं आणि समजावता समजावता माझं मलाच कळलं, काय करायचं ते.

मी म्हणालो, “बाई आणता येईल. पण ती नेमकी किती उंच होती, हे एकच माणूस सांगू शकतो. त्याला तुम्ही बोलावून आणा.”

“तू सांग की त्याला.”

“कॅसेट मी ओढली होती का?”

बाप्पा उठून गेले. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरचा रेडिएटर घेऊन थेट तेलगावहून आले आणि मला बळंच सोबत घेऊन सलीमभाईंच्या वर्कशॉपात गेले. सलीमभाईंनी रेडिएटर घेतला, त्याची तोंडं बंद केली, पाण्याच्या हौदात बुडवून हवा भरली. गळका असेल तिथून बुडबुडे येतात. एकही बुडबुडा आला नाही.

सलीमभाई माझ्याकडं बघून म्हणाले, “दिगुभाऊ, ह्यांना सांगा, रेडिएटर लई चांगला हाय. कावून खोलला?”

बाप्पांनी मान खाली घातली. इतका मोठा माणूस, कारखान्यात ज्याच्या आवाजाला लोक दबायचे, आणि इथं हौदाच्या पाण्यात बोटं फिरवत राहिला. शेवटी म्हणाले, “दिगू, त्याला सांग, मी वंगाळ वागलो.”

सलीमभाई रेडिएटर पुसत राहिले. मग मीच सांगितलं, सेलचं, मोटरीचं, सगळं. म्हणालो, “तुमचा टू-इन-वन घेऊन दुकानात या. गाणं मोबाइलातून कॅसेटीवर घेतो आणि मशीन पळवून बघू.”

“तो मानूस नको मला,” सलीमभाई म्हणाले.

“माणूस नाही. भाभींची बाई आणायचीय.”

त्यांनी रेडिएटर बाजूला ठेवला. मग फडकं खांद्यावर टाकून म्हणाले, “आनि न्हाई आली तर?”

“आधी मशीन तर आणा,” मी म्हणालो.

आले मात्र, दोन दिवसांनी, जुना टू-इन-वन चादरीत गुंडाळून. माझ्या कपाटात एक कोरी कॅसेट शिल्लक होती. मोबाइलला पिन लावून मी गाणं तिच्यावर उतरवलं. मग टू-इन-वनचं मागचं झाकण काढलं. टेपच्या मोटरीच्या बुडाशी एक छोटं भोक असतं, त्याच्या आत स्क्रू. बारीक पेचकसानं तो फिरवला की वेग बदलतो. कॅसेट लावली. दाढीवाला गायला लागला. मी स्क्रू केसभर फिरवला, तो थोडा तरुण झाला. आणखी केसभर, आवाज पातळ झाला. बाप्पा आणि काळे सर कोपऱ्यात उभे.

“सांगा सलीमभाई,” मी म्हणालो. “कुठं थांबू?”

बाई दिसायला लागली होती. ओळखीची वाटायची, पुढं गेलं की जास्त बारीक वाटायची, मागं आणलं की जाड. सलीमभाई मशीनच्या आणखी जवळ सरकले. मी पुढं नेलं, मागं आणलं, पुन्हा पुढं नेलं.

ते एकदम म्हणाले, “मला याद न्हाई, दिगुभाऊ. सगळ्याच तिच्यावानी वाटायल्या. माझ्या ध्यानातूनच गेली ती.”

त्यांच्या आवाजात असं काही होतं की माझा पेचकस जागीच थांबला. इतके महिने मी बाप्पांवर चिडलो, मोबाइलवर चिडलो, सरांच्या चष्म्यावर चिडलो. आता चिडायलाही कोणी उरलं नव्हतं. कॅसेट ओढल्यानं गाणं गेलं होतं, पण हे त्याहून वाईट होतं. मी मशीन बंद केलं. दुकानात एकदम शांत झालं.

त्या शांततेत सलीमभाई डोळे मिटून बसले. उजवा हात गुडघ्यावर हळूहळू फिरत होता, शिलाई मशीनचं चाक फिरवल्यासारखा. आणि मग त्यांनी तोंड मिटून गुणगुणायला सुरुवात केली. स्वतःच्या आवाजात नव्हे. राकट, जाड गळ्याचा हा माणूस, पण गुणगुणणं बारीक, वरचं, नाकातून येणारं. मी ते त्यांच्या घरात ऐकलेलं होतं. भाभी जशा गुणगुणायच्या तसंच, त्याच ठिकाणी श्वास घेत. बाईचा सूर त्यांना आठवत नव्हता. बायकोचा आठवत होता.

मी घाईनं मशीन सुरू केलं. आता मला कोणाला विचारायची गरज नव्हती. ते गुणगुणत होते आणि मी स्क्रू फिरवत गाणं त्या सुरापर्यंत वर आणत होतो. थोडं वर. अजून जरा. आणि एका जागी दोन्ही आवाज एकमेकांत असे बसले की मधे नख शिरायला जागा उरली नाही. मी पेचकस काढून घेतला. बाई वर चढली. आवाज फाटेल असं वाटलं आणि फाटला नाही.

सलीमभाई गुणगुणायचे थांबले. गाणं चालूच होतं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. गालावरून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्यांना भान नव्हतं, आणि मलाही माझं नव्हतं. ड्रमवाला हलक्या पावलांनी पळत होता.

कोपऱ्यातून बाप्पांना राहवलं नाही. ते घसा साफ करून म्हणाले, “ड्रम जमला. बाई बी आली. पन काय म्हना, गिटार लई बारीक झाली राव.”

सलीमभाईंनी डोळे मिटलेलेच ठेवले. इतक्या महिन्यांनी त्यांनी बाप्पांशी पहिल्यांदा तोंड उघडलं.

“चूप बे,” ते म्हणाले. “ती गायलीया.”